फ्राय कोस्मे: द्राक्षं लावणारा फादर

१४ जून १९८०, शनिवार. एल साल्वाडोर देशातलं सान ह्वान नोनुआल्को हे गाव, संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) अजून सुरू व्हायचीय आणि चर्चमध्ये ५७ वर्षांचा एक फादर गुडघे टेकून प्रार्थना करतोय. तेवढ्यात गोळ्या सुटतात, आणि तो तिथेच कोसळतो.

गावातले लोक त्याला फ्राय कोस्मे म्हणायचे. (फ्राय म्हणजे स्पॅनिशमध्ये ब्रदर, फिश फ्रायशी काही संबंध नाही हं.) तो फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातला धर्मगुरू. वसईकरांना हे नवीन नाही, आपले संत गोन्सालो गार्सिया पण याच संघाचे, १५९७ साली नागासाकीला क्रूसावर गेले ते.

कोस्मे मूळचा इटलीचा. उत्तरेला त्रेव्हिसोजवळचं मान्सुए गाव, शेतकऱ्याचं घर, २८ जानेवारी १९२३ चा जन्म, नाव सांते स्पेसोत्तो. हा सगळा भाग द्राक्षांचा, वाइनचा. १९४८ ला धर्मगुरू झाला आणि १९५० मध्ये, वय जेमतेम सत्तावीस, थेट एल साल्वाडोरला पोचला. देश केवढा, तर आपल्या नगर जिल्ह्याहून थोडासाच मोठा, त्यात कॉफीची सगळी जमीन मूठभर घराण्यांकडे आणि बाकीचे त्यांच्या मळ्यांवर मजुरी करणारे.

तीन वर्षांनी त्याला नोनुआल्कोची पॅरिश, म्हणजे तिथल्या चर्चची जबाबदारी मिळाली, आणि मग पुढची २७ वर्षं तो तिथेच. चर्च उभं केलं, मुलांसाठी शाळा काढली, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पठ्ठ्याने तिथे द्राक्षांचे वेल लावले, त्या गरम दमट हवेत! लोकांनाही शिकवलं. आता शेतकऱ्याचा पोरगा कुठेही गेला तरी आधी मातीत हात घालणारच ना.

पण सत्तरच्या दशकात वारं फिरलं. मजुरांच्या बाजूने बोलणारे फादर म्हणजे कम्युनिस्ट, असं लष्कराने आणि जमीनदारांनी ठरवूनच टाकलं होतं. भिंतींवर, पत्रकांवर चक्क लिहिलेलं असायचं, "देशभक्त बना, एक पाद्री मारा." मार्च १९७७ मध्ये रुतिलियो ग्रांदे या जेझुइट (येशूसंघाच्या) फादरला गाडीतच गोळ्या घातल्या, सोबत एक म्हातारे गृहस्थ आणि एक १६ वर्षांचा मुलगा, तेही गेले. २४ मार्च १९८० ला राजधानी सान साल्वाडोरचे आर्चबिशप (मुख्य बिशप) रोमेरो, मिस्सा चालू असतानाच. त्यानंतर बरोबर ८२ दिवसांनी आपला कोस्मे.

गावाच्या आसपास प्रेतं सापडायला लागली तेव्हा ती उचलून नीट पुरायचं काम याने अंगावर घेतलं, पकडून नेलेल्या पोरांसाठी तो लष्कराच्या दारात जाऊन उभा राहायचा. धमक्या यायच्याच. त्यात शेवटी शेवटी ल्युकेमियाचं (रक्ताच्या कॅन्सरचं) निदान झालेलं, म्हणजे उपचाराच्या नावाखाली इटलीला निघून गेला असता तर कुणी एक शब्द बोललं नसतं.

तो गेला नाही. उलट त्याने एक कागद लिहून ठेवला. आपला जीव कधीही घेतला जाईल असं वाटतंय, हौतात्म्य म्हणजे आपली लायकी नसलेली कृपा, आणि पुढे, जे मला मारतील त्यांना मी आधीच क्षमा करतोय. हे वाचून मी जरा वेळ स्क्रिप्ट बाजूला ठेवली, खरं सांगतो. कारण मारेकऱ्याचं नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, आणि माणूस माफी लिहून मोकळा.

देशातलं यादवी युद्ध पुढे १९९२ पर्यंत चाललं, साधारण ७५,००० माणसं मेली. मार्च १९९३ मध्ये युनोच्या सत्यशोधन आयोगाचा रिपोर्ट आला, त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी ८५ टक्के सरकारी माणसांवर आणि त्यांच्या साथीदारांवर होत्या, आणि अवघ्या पाच दिवसांत संसदेने सगळ्यांना माफ करणारा कायदा पास करून टाकला! तो कायदा कोर्टाने रद्द करेपर्यंत २०१६ उजाडलं. म्हणजे एक माफी कोस्मेची, आणि एक ही.

२२ जानेवारी २०२२ ला सान साल्वाडोरच्या चौकात त्याचं बिएटिफिकेशन झालं, संतपदाच्या आधीची पायरी. सोबत फादर ग्रांदे होते, आणि गाडीतले ते दोघे, मानुएल सोलोर्सानो आणि सोळा वर्षांचा नेल्सन लेमुस. कोस्मेची कबर मात्र नोनुआल्कोलाच, त्याने बांधलेल्या चर्चमध्ये.