औषध तेच, डोस तोच

नमस्कार श्रोतेहो. चैत्र लागला की खानदेशातली माणसं पायी सप्तशृंगी गडाच्या वाटेला लागतात, आणि मला एक रात्र आठवते. मी तेव्हा नाशिकला एका अतिदक्षता विभागात होतो. रात्री दोनला अशाच पायी यात्रेतल्या, साठीच्या एका माउलीला आणलं. श्वास खोल आणि भराभर, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, रक्तदाब जेमतेम सत्तर. मुलगा म्हणाला, "साहेब, मायचा उपास होता. जेवण नाही तर सुई कशाला, म्हणून तिने चार दिवस घेतलीच नाही."

सुई म्हणजे इन्शुलिन. (उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा चालतो, इन्शुलिन मात्र चालत नाही, हे मला कधीच पटलेलं नाही. आपले उपास खरं तर साखर वाढवणारेच.)

सलाइन जोरात सुरू केलं, इन्शुलिनही. दाब चढेना, म्हणून हृदयाला जोर देणारं औषध लावलं. डोस वाढवला, पुन्हा वाढवला. दाब सत्तरचा ऐंशी, बस. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. पीएच ७.०२.

निरोगी रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो. आकडा खाली गेला की आम्ल वाढलं. इन्शुलिन थांबल्यामुळे मायच्या रक्तात आम्ल साचलं होतं. हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो तो कॅल्शियममुळे. ॲड्रिनॅलिन, डोब्युटामिनसारखी हृदयाला जोर देणारी औषधं पेशीत जास्त कॅल्शियम खेळवतात. पण आम्ल वाढलं की स्नायूतल्या ज्या जागी कॅल्शियमने बसायचं, तिथे आम्लाचे कण त्याला नीट बसू देत नाहीत. शिवाय पेशीवर औषधाची हाक ऐकणारी केंद्रंही मंदावतात. पुन्हा सांगतो: औषध पोचतं, पण स्नायू नीट ऐकत नाही. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर गॅस्केल यांनी १८८० साली बेडकाच्या हृदयावर सौम्य आम्ल सोडलं, तेव्हा ते हृदय सैलावलं होतं.

मुलाने विचारलं, "मग सोडा द्या ना, साहेब." प्रश्न चुकीचा नव्हता. पण लिंबात सोडा टाकला की फेस येतो ना, तो कार्बन डायऑक्साइड. रक्तातही तो तयार होतो आणि पेशीत शिरून आतलं आम्ल उलट वाढवू शकतो. म्हणून सोडा फार निवडक वेळी देतात. खरा इलाज मुळावर. इथे तो होता पाणी आणि इन्शुलिन.

पहाटे सिस्टरने हाक मारली, "सर, प्रेशर दीडशे!" धावत गेलो. पंपावर डोस तोच होता, आम्ही हात लावला नव्हता. पीएच ७.२४ झाला होता. सलाइनचा त्यात वाटा होताच, पण रात्रभर न ऐकणारं हृदय आता त्याच डोसला उसळून दाद देत होतं. आम्हाला औषध घाईने कमी करावं लागलं. तेव्हापासून दाब चढला नाही की डोस वाढवण्याआधी मी पीएच विचारतो. हे मोजणारं यंत्र तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात असायला हवं, हे मी जिथे बोलायला मिळेल तिथे बोलतो.

तिसऱ्या दिवशी माय उठून बसली. म्हणाली, "गड राहिला."

पुढच्या चैत्रात मुलाने तिला गाडीने गडावर नेलं. परतताना दोघं मला भेटायला आले. मायने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्शुलिनची बाटली काढून दाखवली, आणि मग प्रसाद दिला.