स्लाउरहॉफ : जहाजावरचा डॉक्टर, कवी आणि कादंबरीकार

श्रोतेहो, नमस्कार. पोर्तुगीज महाकवी कामोइंश १५५३ साली गोव्यात उतरला, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. याच कामोइंशला एका डच लेखकाने कादंबरीत मकावला, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज वसाहतीत धाडलं आणि त्याचं भूत विसाव्या शतकातल्या एका वायरलेस ऑपरेटरच्या मानगुटीवर बसवलं. त्या लेखकाचं नाव यान याकोब स्लाउरहॉफ.

जन्म १८९८चा, लेवार्डन गावचा. लहानपणापासून दमेकरी, म्हणून हवापालटासाठी व्लीलंड बेटावर नेत. समुद्राचं वेड तिथलंच. ॲमस्टरडॅमला डॉक्टरकी शिकला. १९२३ साली पहिला कवितासंग्रह आला आणि पुढे जावा-चीन-जपान मार्गावरच्या जहाजांवर त्याने नोकरी धरली. ज्याला धड श्वास घेता येत नव्हता, तो इतरांना तपासत बंदरामागून बंदरं हिंडला.

‘निषिद्ध राज्य’ असा ज्या नावाचा अर्थ होतो, ती कादंबरी १९३२ची. वाचक अडखळतो तो मध्यावर. आधी कामोइंशची हद्दपारी, मकाव, पिलार नावाची मुलगी. मग एकाएकी ‘मी’ बोलू लागतो, आणि हा ‘मी’ म्हणजे ऑपरेटर. पानं उलटीसुलटी लागलीत की काय असं वाटतं. तिथे पुस्तक मिटू नका. रात्र रात्र कानाला हेडफोन लावून दूरचे संकेत टिपणारा माणूस लेखकाने उगीच निवडलेला नाही. मेलेल्याचा आवाज शिरायला याहून सोयीचा कान कुठला? इतिहास मात्र यात शोधू नये. कामोइंश मकावला गेला होता की नाही, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही.

कवितांबद्दल टीकाकार कुरकुरत : लय मध्येच अडखळते, यमकं ओढूनताणून आणलेली. तक्रार खोटी नाही. पण ‘फक्त माझ्या कवितांतच मला राहता येतं’ अशा अर्थाची त्याची ओळ डच वाचकांच्या तोंडी आहे, आणि ती घोटून गुळगुळीत केली असती तर टिकली नसती, असं माझं मत.

१९३० साली नर्तकी दार्या कोलिनशी लग्न, १९३२ साली मृत मूल जन्माला आलं, १९३५ला घटस्फोट. मध्ये मोरोक्कोतल्या टँजियरला दवाखाना थाटून पाहिला. मलेरिया आणि क्षयाने पोखरलेला हा माणूस ५ ऑक्टोबर १९३६ रोजी हिल्वरसम इथे वारला, वय अवघं ३८.

डच येत नसेल तर ‘निषिद्ध राज्य’चा पॉल व्हिन्सेंट यांनी केलेला २०१२चा इंग्रजी अनुवाद घ्या. ऑपरेटरची पुढची कथा १९३४च्या कादंबरीत आहे. ती आधी वाचू नका, नाहीतर तो चीनच्या आतल्या मुलखात का शिरतो हेच कळायचं नाही.