दातांची तार, हाताचं काम

(दृश्य: मेडिकल चौक, सकाळ. ऑटोतून उतरणारी माणसं, हातात एक्स-रेची मोठी पाकिटं.)

मेडिकल चौकात सकाळी उतरणारी गर्दी सगळी नागपूरची नसते. यवतमाळ, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, तिकडून छिंदवाडा नाहीतर बालाघाट, पहाटेची एसटी पकडून लोक येतात आणि त्यातले बरेचसे फक्त दातांसाठी आलेले असतात. शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या परिसरातच आहे, हिंगणा रोडला आणखी दोन डेंटल कॉलेजं आहेत, रामदासपेठ आणि धंतोलीत तर जिकडे बघाल तिकडे दाताच्या दवाखान्याच्या पाट्या. आणि आजकाल यातल्या कुठल्याही ऑर्थो विभागात, म्हणजे वाकडेतिकडे दात सरळ करतात तिथे बसा, खुर्चीत बसायच्या आधीच पोट्टे मोबाईल पुढे करतात, मॅडम, तारेऐवजी हे ट्रान्सपरंटवालं लावता येईल का.

येईल की नाही हे मोबाईल बघून सांगता येत नाही. ते या खालच्या वस्तूंवरून ठरतं.

(दृश्य: प्लास्टरची पांढरी मॉडेल्स, रॅकवर ओळीने. क्लोजअप.)

हे पेशंटच्या जबड्याचे ठसे. अल्जिनेट नावाची पावडर पाण्यात कालवायची, ट्रेमध्ये भरून तोंडात दाबायची, दोनतीन मिनिटांत ती रबरासारखी होते, मग त्यात प्लास्टर ओतलं की हुबेहूब दात हातात येतात. काही ठिकाणी आता स्कॅनर आलाय पण इथे अजून विद्यार्थी स्वतः मॉडेल घासून तयार करतात, आणि ते घासताघासताच त्यांची नजर तयार होते असं इथल्या मॅडमचं म्हणणं आहे, आम्हालाही ते बघून पटलं. सोबत दोन एक्स-रे. एक ओपीजी, म्हणजे वरचे खालचे सगळे दात मुळांसकट एका फोटोत, हाडात अडकून बसलेला सुळा असला तर तोही दिसतो. दुसरा सेफ, चेहऱ्याचा बाजूने काढलेला. त्यावर रेघा मारून, कोन मोजून कळतं की गडबड नुसती दातांची आहे का जबडाच पुढेमागे आहे.

वरची खालची दाढ एकमेकींवर कशी बसते त्यावरून तीन क्लास पाडायची पद्धत एडवर्ड अँगल या अमेरिकन डॉक्टरने १८९९ मध्ये मांडली आणि इथली पोरं आजही पेशंटच्या फाईलवर पहिल्यांदा तेच लिहितात, क्लास वन, टू का थ्री.

(दृश्य: आई आणि मुलगी, डॉक्टरांच्या टेबलासमोर.)

ही अकरावीतली मुलगी उमरेडकडची. वरचे दात पुढे, खालचे एकमेकांवर चढलेले, ओठ मिटायला त्रास. मॅडमनी सांगितलं चार दात काढावे लागतील, वरचे दोन, खालचे दोन, सुळ्याच्या लगेच मागचे. आईचा चेहरा बघा.

"मॅडम, चांगले दात कायले काढता? किडलेले तर नाहीत ना ते?"

"ताई, दात चांगलेच आहेत. पण जबड्यात जागा नाही. सात मिलिमीटर पुढे आलेत, त्यांना मागे न्यायचं तर मागे जागा करा लागेल ना."

"मंग फटी नाही राह्यनार?"

"नाही. तीच फट वापरून पुढचे मागे नेऊ. संपली की संपली."

प्रत्येकाचे दात काढावे लागत नाहीत. थोडी दाटी असेल तर दोन दातांच्या मधे अगदी बारीक घासून जागा होते, लहान वयात टाळू रुंद करून होते, काहींना छोटे स्क्रू हाडात बसवून सगळेच दात मागे ओढता येतात. पण कुणाला काय लागेल हे मोजल्याशिवाय सांगणारा माणूस, मग तो फोनवरचा असो की दुकानातला, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

(दृश्य: बाँडिंग, म्हणजे ब्रॅकेट चिकटवणं. इथे आवाज कमी, सक्शनचा आवाज राहू द्या.)

आता ही शेजारची खुर्ची. कामठीचा मुलगा, कॉलेजला जातो, त्याची तार आज लागतेय, म्हणजे प्रत्येक दातावर एक ब्रॅकेट, खाच असलेला छोटा तुकडा, चिकटवायचा आणि त्या खाचेतून तार न्यायची. दात आधीच काढून झालेत, जखमा भरल्यात. गाल बाजूला ठेवायला प्लॅस्टिकचं रिट्रॅक्टर, कापूस, आणि आता एकेक दात प्युमिसच्या बारीक पुडीने घासणं चाललंय. मग ही निळी जेल, ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, पंधरा ते तीस सेकंद. धुतली, सुकवली, की इनॅमल, म्हणजे दाताचा वरचा कडक थर, असं खडूसारखं पांढरं दिसतं. आता त्यावर सूक्ष्म खड्डे पडलेत आणि चिकटवायचं मटेरियल त्यातच पकड धरतं. ही युक्ती बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्याने १९५५ मध्ये शोधली, त्याच्या आधी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी गुंडाळावी लागायची, अख्खं तोंड लोखंडाचं दिसायचं.

आपल्याकडे यात एक अडचण येते. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथल्या मुलांच्या दातांवर पिवळे तपकिरी डाग असतात, आणि असं इनॅमल ॲसिडला सहज दाद देत नाही, त्यामुळे ब्रॅकेट पुन्हापुन्हा निघतं. अशा पेशंटला इथे जास्त वेळ देतात, एचिंग, म्हणजे ॲसिडची वेळ, वाढवतात, कधी वरचा थर हलका घासून घेतात.

ब्रॅकेट बसवताना हात बघा. चिमट्यात ते एवढंसं ब्रॅकेट, मागे कॉम्पोझिटचा, म्हणजे त्या चिकटवायच्या मटेरियलचा ठिपका, गेजने उंची मोजली, दाबलं, बाजूला आलेलं मटेरियल टोकदार हत्याराने काढलं, पुन्हा आरशात बघितलं, जरा तिरकं वाटलं म्हणून परत सरकवलं, आणि मगच निळा लाईट. लाईट मारला की संपलं, मग ते हलत नाही. हे सोळा वेळा, आणि मागच्या चार दाढांवर नळ्या. प्रत्येक दाताचं ब्रॅकेट वेगळं असतं, कारण त्या दाताने शेवटी किती कलायचं, मूळ किती आत जायचं हे त्या खाचेतच घडवलेलं असतं. लॉरेन्स अँड्र्यूज या अमेरिकन ऑर्थो डॉक्टरने तार न लावताच दात छान जुळलेल्या १२० लोकांची मॉडेल्स तपासून, मोजून हे ठरवलं आणि १९७२ मध्ये छापलं. म्हणून ब्रॅकेट अर्धा मिलिमीटर चुकीचं बसलं तर दातही चुकीच्या जागीच जातो.

(दृश्य: दोन ग्लास, एकात बर्फाचं पाणी, एकात कोमट. तार.)

ही पहिली तार, निकेल-टायटॅनियमची, जाडी इंचाच्या हजार भागातले चौदा भाग. बर्फाच्या पाण्यात बुडवली की मऊ पडते, बोटाने कशीही वाकते. आता कोमट पाण्यात. बघा, सरळ. हा धातू अमेरिकन नेव्हीच्या शस्त्रांच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि आयोवातले जॉर्ज अँड्रीसन यांनी सत्तरच्या दशकात तो दातांसाठी आणला. वेड्यावाकड्या दातांमधून ती वाकवून अडकवायची, तोंडाच्या उष्णतेने ती आपल्या मूळ कमानीवर परत यायला बघते आणि येतायेता दातांना सोबत घेऊन येते. पहिले दोनचार दिवस दुखतं, तेव्हा गार पाणी तोंडात धरलं की तार थोडी ढिली पडते आणि बरं वाटतं, हे मॅडम प्रत्येकाला सांगतात.

दात हाडात रुतलेला नसतो, त्याच्या मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटरची पातळ पेशींची आणि तंतूंची गादी असते. तार ढकलते तिकडे ती दबते, तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, मागच्या बाजूला ती ताणली जाते तिथे नवीन हाड तयार होतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर. जोर वाढवला तर लवकर होत नाही, उलट रक्तपुरवठा थांबून सगळं अडकतं. म्हणूनच दीड-दोन वर्षं लागतात, आणि सहा महिन्यांत गॅरंटी म्हणणाऱ्यांना विचारा की हाड कुणाचं वापरणार.

पुढे महिन्या-दीड महिन्याने येणं, तार बदलणं, बारीक मग जाड, गोल मग चौकोनी स्टील, मग रबराची साखळी लावून फटी बंद करणं. खुर्चीशी काम करणाऱ्या या डॉक्टर ताईंच्या बोटात जी पक्कड आहे तिने त्या तारेत देताहेत तो बेंड मिलिमीटरपेक्षा लहान आहे.

(दृश्य: ट्रेमध्ये ठेवलेले वेगवेगळे प्रकार.)

धातूचंच ब्रॅकेट नको असेल तर दाताच्या रंगाचं सिरॅमिक आहे, दिसतं छान पण ते ठिसूळ, आणि त्यावर तार धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगा एका तर्रीपोह्यात पिवळ्याधमक होतात, सावजी झालं तर विचारूच नका, अर्थात पुढच्या भेटीत रिंगा बदलून मिळतात. सेल्फ लायगेटिंग म्हणजे रिंगच नाही, ब्रॅकेटला छोटा दरवाजा असतो. दाताच्या आतल्या बाजूने लावायची तारही असते, बाहेरून काहीच दिसत नाही, जिभेला मात्र सुरुवातीला खूप टोचतं आणि करणारे डॉक्टर मोजकेच.

आणि अलाइनर. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी निघाली, स्कॅन करायचं, कॉम्प्युटरवर दात हलवायचे, प्रत्येक टप्प्याचं मॉडेल छापून त्यावर पारदर्शक ट्रे बनवायची, एका ट्रेमध्ये दात जेमतेम पाव मिलिमीटर सरकतो. चांगली गोष्ट आहे. थोडी दाटी, थोड्या फटी, तिथे मस्त काम करते, जेवताना काढता येते, ब्रश नीट होतो. पण दिवसाचे २० ते २२ तास घालावीच लागते, गोल सुळा फिरवणं, दात काढलेल्या जागा मुळांसकट बंद करणं तिला जड जातं, आणि खर्च तारेच्या कितीतरी पुढे जातो. घरपोच अलाइनर, डॉक्टरला न दाखवता, हे तर करूच नका. अमेरिकेत असं करणारी एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि पेशंट अर्ध्यात राहिले.

(दृश्य: लहान मुलगा, तोंडात दोन प्लेट.)

हा बारा वर्षांचा. खालचा जबडा मागे. याला ट्विन ब्लॉक दिलंय, वर एक प्लेट, खाली एक, तोंड मिटलं की खालचा जबडा आपोआप पुढे येतो. वाढीच्या वयातच हे चालतं, मुलींचं ते वय साधारण दोन वर्षं आधी येतं. वाढ संपल्यावर जबड्याचा फरक मोठा असेल तर ऑपरेशन, तेही होतं.

तार असताना भुट्टा दाणे काढून खायचा, ऊस, चिक्की, सुपारी बंद. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, तोही बंद. नागपुरात हे मोठ्याने सांगायला पाहिजे, खर्ऱ्याने तोंड उघडणंच कमी होत जातं आणि मग डॉक्टरचा हात आत जात नाही, बाकी जे होतं ते कॅन्सरच्या वॉर्डात आहे. ब्रश नीट केला नाही तर तार निघाल्यावर पांढरे डाग राहतात, काहींची मुळं थोडी आखूड होतात.

(दृश्य: डिबाँडिंग. ब्रॅकेट निघताना आवाज. मुलगी जीभ फिरवते. निवेदन नाही, दहा सेकंद.)

यानंतर रिटेनर, आतून बारीक तार चिकटवलेली किंवा काढघाल करायची प्लेट, कारण दात परत जायला बघतात. डॉक्टर सांगतील तितकी वर्षं.

मूल सात वर्षांचं झालं की एकदा दाखवून आणा, तार तेव्हाच लावतील असं नाही, बहुतेकदा नुसतं बघून परत पाठवतात. बीडीएसच्या पुढे तीन वर्षांचं ऑर्थोचं एमडीएस केलेले डॉक्टर आहेत का ते विचारा, विचारायला लाजू नका. कॉलेजची ओपीडी सकाळची असते, केसपेपर काढावा लागतो, जुने एक्स-रे असतील तर सोबत न्या, आणि पहिल्या दिवशी तार लागणार नाही हे मुलाला घरूनच सांगून ठेवा.