आज्जा पलटणीत नव्हता, मग कुठं होता?

नमस्कार. इथं बसलेल्या बऱ्याच जणांच्या घरात कुणीतरी मिलिट्रीत होतं हे मला माहितीय, आपला भागच तसा आहे, खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गल्लीत विचारा. आणि मिलिट्री म्हटलं की आपण लगेच मराठा सेंटर, म्हणजे मराठा पलटणीचं ट्रेनिंगचं ठाणं, धरतो. 1922 पासून ते बेळगावात आहे, त्यामुळे दुसरं काही डोक्यातच येत नाही. मग कोणतरी आज्ज्याचं नाव घेऊन चौकशी करतो, त्या नावाचा माणूस तिथं सापडत नाही, आणि विषय संपतो. घरचे म्हणतात, जाऊ दे, कागद जळले असतील.

कागद जळलेले नसतात हो. बऱ्याचदा आज्जा मराठा पलटणीत नव्हताच, तो लेबर युनिटात, म्हणजे सैन्याच्या मजूर तुकडीत होता.

माझा चुलत आज्जा असाच. घरात माहिती किती, तर दुसऱ्या महायुद्धात बर्म्याला गेला, परत आला, आणि नंतरही अधूनमधून हुडहुडी भरून ताप यायचा. लढाईचं विचारलं की तो म्हणायचा, "आमी रस्ता केला." बस्स. पाहुण्यारावळ्यांत मात्र घरचे "सैन्यात होते" एवढंच सांगायचे, खोरं-कुदळीचं कोण काढायचं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जो धागा धरून माणूस सापडला असता तोच आपण लपवून ठेवला.

आता थोडं समजून घेऊया. दुसऱ्या महायुद्धात या लोकांची आधी ऑक्झिलरी पायोनियर म्हणून भरती झाली, पुढं तिचं नाव इंडियन पायोनियर कोअर झालं. रस्ते, विमानाच्या धावपट्ट्या, पूल, रेल्वेतून माल उतरवणं, दारूगोळा वाहणं, सगळं यांच्याकडं. दिमापूरहून कोहिमा, इंफाळ आणि पुढं बर्म्यातल्या तामूपर्यंतचा रस्ता पावसात खचायचा, तो परत उभा करायचा म्हणजे माणसंच लागायची. आणि गोळीपेक्षा मलेरिया वाईट. 1943 साली बर्मा आघाडीवर जखमी होऊन मागं आणलेल्या एका माणसामागं आजारी पडून आणलेले 120 होते. हा आकडा वाचला तेव्हा आज्ज्याचा तो ताप मला पहिल्यांदा नीट कळला, तोवर आम्ही त्याला म्हातारपणाचं दुखणं समजत होतो.

एक घोटाळा इथंच सांगतो. पायोनियर नावाच्या जुन्या पलटणीही होत्या, बॉम्बे पायोनियर्स वगैरे, त्या बंदूकधारी होत्या आणि 1933 च्या सुमारास मोडल्या. त्या वेगळ्या, आपले हे वेगळे. दुसरं म्हणजे महार रेजिमेंटची पहिली बटालियन ऑक्टोबर 1941 मध्ये इथं बेळगावातच उभी राहिली, ती लढाऊ पलटण. त्याआधी कितीतरी वर्षं लढाऊ पलटणींची दारं या समाजाला बंद होती, मधे पहिल्या महायुद्धात 111 वी महार पलटण काढली आणि काही वर्षांतच मोडली. म्हणजे कोण बंदूक घेणार आणि कोण कुदळ, हे माणसाच्या हिमतीवर ठरत नव्हतं, भरती करणाऱ्यांच्या जातीच्या यादीवर ठरत होतं. आज्जा लेबरमध्ये होता म्हणून मान खाली घालणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे ऐकावं.

पहिल्या महायुद्धाचं तर विचारूच नका. 1918 अखेर भारतातून जी सुमारे 14 लाख माणसं घेतली त्यातली साडेपाच लाखांहून जास्त बिनलढाऊ होती. इराकात बसऱ्याला गेलेले हमाल, मजूर, भिस्ती, खेचरवाले, सगळे त्यात. युद्ध संपल्यावर सैनिकांना ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, आणि लेबर कोअरवाल्यांना तेच पदक काशाचं. मुंबई इलाख्यातल्या कितीतरी गावांत दगडी पाट्या लावल्यात, या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यातली इतकी मेली. नावं नाहीत. नुसता आकडा.

म्हणून शोध सुरू करायचा तो नंबरापासून. नावाचं इंग्रजी स्पेलिंग क्लार्कनं कानाला येईल तसं लिहिलंय, आडनाव बहुतेक वेळा नाहीच, स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच, आणि तसल्या नावाची दहा माणसं निघतात. पण सर्व्हिस नंबर त्याचा एकट्याचा. आणि तो नंबर तुमच्या ट्रंकेत असू शकतो. भारतीय लोकांना दिलेल्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट कोरलेलं असतं, आणि पदक गोल नसून स्टार असेल तर पाठीमागं बघा. उजेडात तिरकं धरून भिंगानं वाचा, मोबाईलवर फोटो काढून मोठा करा. पदक नसेल तर डिस्चार्जचा कागद, जुनी मनीऑर्डरची पावती, पेन्शनसाठी केलेला एखादा अर्ज, काहीही चालतं.

नंबर मिळाला की पायोनियर कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा, ते बंगळूरला आहे. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, तुमचं नातं, सगळं एका पानात. फार मोठी कहाणी लिहू नका, वाचणाऱ्याला नंबर पहिल्या ओळीत दिसला पाहिजे.

आज्जा परत आला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिची यादी फुकट आहे, ऑनलाइन आहे. तिथंही नावानं शोधू नका. जादा माहितीच्या रकान्यात गाव किंवा तालुका टाका, कारण बऱ्याच नोंदींत अमक्याचा मुलगा, अमुक गाव, बेळगाम असं लिहिलंय. स्पेलिंग जुनी वापरा, बेळगावी टाकलात तर काही मिळणार नाही, आणि चिकोडीला एक क की दोन, दोन्ही करून बघा. ज्यांची कबर नाही अशा सुमारे 27 हजार जणांची नावं यंगूनजवळच्या रंगून मेमोरियलवर आहेत, त्यात पायोनियरही आहेत.

आणि आपल्या भागातली खास अडचण. शहापूर आज बेळगावातच आहे, पण तेव्हा ते सांगली संस्थानात होतं. म्हणजे शहापूरच्या माणसाचा पत्ता सांगली स्टेट म्हणून लिहिलेला असू शकतो. आसपासची कितीतरी गावं अशीच कुरुंदवाड, जमखंडी, कोल्हापूरची होती. मग 1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात आलो, त्यामुळं त्याआधीचं इलाख्याचं सरकारी दप्तर बघायचं तर मुंबईच्या पुराभिलेखागारात जावं लागतं, जमिनीचे जुने कागद मोडीत आणि त्यानंतरचे उतारे कन्नडात. कन्नड वाचणारा एक आणि मोडी वाचणारा एक असे दोन मित्र जवळ ठेवा, सीमाभागातल्या माणसाला याच्याशिवाय गत्यंतर नाही.

आज्ज्याच्या कंपनीचा, म्हणजे तुकडीचा नंबर कळला तर लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये वॉर डायऱ्या, म्हणजे युनिटच्या युद्धातल्या रोजच्या नोंदवह्या आहेत. त्यात मजुराचं नाव शक्यतो येत नाही, पण युनिट कोणत्या महिन्यात कुठं होतं ते कळतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या बायका जे सांगतात त्याला तारीख मिळते. म्हणून त्यांना आधी विचारा. मनीऑर्डर कधी बंद झाली, पत्र कोण वाचून दाखवायचं, तो आला तेव्हा कुठलं पीक उभं होतं. हे कुठल्याच ऑफिसात नाही.

पुढच्या रविवारी ज्यांच्याकडं पदकं असतील त्यांनी घेऊन या, आपण मिळून वाचू. फक्त एक करा, आणायच्या आधी चकाचक करायला चिंच-राख लावून घासू नका, कडेची अक्षरं आधीच झिजलेली असतात. जुन्या फडक्यात गुंडाळून आहेत तशीच आणा.