घरचा माग रेझ्युमेत येऊ द्या

(सोलापुरात पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रमैत्रिणींनो, नोकरभरतीच्या कामामुळे आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींचे रेझ्युमे माझ्याकडे सतत येतात. वरची नावं झाकली, तर कोणता कुणाचा हे ओळखता येत नाही. सुरुवातीला ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे नामवंत संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून स्वतःची आणि संस्थेची प्रगती साधणे. मग ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर’. पुढे वडिलांचं नाव, धर्म, जात, लग्न झालंय की नाही. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ आणि सही. यातलं बरंचसं लग्नाच्या बायोडेटात शोभेल. खासगी कंपनीतल्या माणसाला त्यातून तुम्हाला काय येतं ते कळत नाही. जाहिरातीत मागितलं नसेल, तर हे सगळं काढून टाका.

मोकळ्या झालेल्या जागेत काय लिहायचं, हा खरा प्रश्न. ‘सर, आम्ही फ्रेशर, आमच्याकडे लिहिण्यासारखं काय असणार?’ असं तुम्ही म्हणता. हे मला मनापासून खटकतं. आपल्या शहराच्या पूर्व भागात घरोघरी यंत्रमाग आहेत. बीकॉमचा मुलगा कॉलेज करता करता सुताची आवक, टॉवेलची जावक, कामगारांची हजेरी सांभाळतो, व्यापाऱ्याकडून थकलेले पैसे वसूल करून आणतो. आणि रेझ्युमेत लिहितो, ‘अनुभव नाही’! विचारलं तर म्हणतो, ते घरचंच काम आहे. अरे, हिशेबनीस नेमणाऱ्याला नेमकं तेच हवंय. समजा, घरी आठ माग आहेत. मग लिहा : ‘आठ यंत्रमागांच्या घरगुती कारखान्यात दोन वर्षं सुताच्या साठ्याची आणि विक्रीची नोंद एक्सेलमध्ये ठेवली, जीएसटीसाठी महिन्याची बिलं जुळवून कर सल्लागाराकडे दिली.’ या दोन ओळी वाचून मी फोन उचलतो. किती माग, किती वर्षं, कशात नोंद, पुढे कुणाकडे दिली, एवढं आलं की वाचणाऱ्याला माणूस दिसायला लागतो. आकडे मात्र तुमचेच हवेत. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.

आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तिच्यावरची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे नक्षीसाठी मागाला जोडलेल्या यंत्रणेवर, विणली जाते, पण त्याआधी ती कुणीतरी चौकटींच्या कागदावर किंवा संगणकावर बसवलेली असते. हे काम येणारी मुलं ग्राफिक डिझाइनच्या नोकरीला अर्ज करताना फक्त कोर्सचं प्रमाणपत्र दाखवतात, काढलेल्या डिझाइनची लिंक देत नाहीत. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर स्टॉल सांभाळलेल्या मुलीला गर्दीतलं गिऱ्हाईक, सुटे पैसे, रात्रीचा गल्ला हे सगळं येतं. विक्रीच्या नोकरीसाठी याहून चांगला अनुभव वर्गात मिळत नाही.

भाषांचंही तसंच. सोलापूरच्या मुलाला मराठी, हिंदी येतेच. शिवाय घरात किंवा गल्लीत तेलुगू, अक्कलकोटकडचा असेल तर कन्नड. हैदराबाद आणि बंगळुरूच्या ग्राहकांशी बोलणाऱ्या कंपनीसाठी ही मोठी गोष्ट आहे. ती ‘छंद’ आणि ‘आवडते खेळ’ यांच्या खाली लपवू नका. बोलता येते, वाचता येते की लिहिता येते, तेही स्पष्ट करा.

आता थोडं तांत्रिक. मोठ्या कंपन्यांत अर्ज बऱ्याचदा आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने, चौकटी, चित्रातला मजकूर त्याला नीट वाचता येईलच असं नाही. कौशल्यांपुढे तारे किंवा टक्क्यांच्या पट्ट्या असतील, तर त्या माणसालाही काही सांगत नाहीत. साधी मांडणी, नेहमीची शीर्षकं, एक पान, पीडीएफ. जाहिरातीत ‘टॅली प्राइम’ लिहिलं असेल आणि ते तुम्हाला येत असेल, तर ‘अकाउंटिंग सॉफ्टवेअर’ असं मोघम लिहू नका, तोच शब्द वापरा. म्हणजे प्रत्येक अर्जाला रेझ्युमे थोडा बदलावा लागणार. होय, कंटाळवाणं आहे, पण करा. एकच प्रत पन्नास ठिकाणी पाठवण्यापेक्षा नीट वाचून पाच ठिकाणी पाठवलेली मला जास्त मोलाची वाटते. फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या. ‘रेझ्युमे फायनल न्यू’ नको.

मध्ये खंड पडलेल्या मुलींसाठी दोन शब्द. घरचं आजारपण, लग्न, बाळंतपण यांमुळे वर्ष-दोन वर्षं गेली असतील, तर तारखा ओढूनताणून जुळवू नका. ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे खंड’ एवढी एक ओळ पुरे. त्या काळात शिकवण्या घेतल्या असतील, शिलाईचं काम केलं असेल, तर तेही लिहा. गणवेश शिवणाऱ्या या शहरात शिलाईचं काम कमी समजणारा मालक मी तरी पाहिलेला नाही.

लिहून झाल्यावर रेझ्युमे तुमच्या विषयातला नसलेल्या एखाद्या मोठ्या माणसाला वाचायला द्या. अर्ध्या मिनिटाने कागद परत घ्या आणि विचारा, मला काय येतं? त्याला सांगता आलं नाही, तर वरच्या चार ओळी बदला. ज्यांनी छापील प्रती आणल्या आहेत त्यांनी त्या पुढे द्या. नाव आणि फोन नंबर दुमडून ठेवा, म्हणजे सगळ्यांसमोर वाचताना संकोच नको. इथूनच सुरुवात करू.