सफाई, झेरॉक्स आणि नकाशा

(सर्वेक्षण व्यावसायिकांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं संपादित)

मंडळी, विषय दिलाय ‘सरकारदरबारी आपलं म्हणणं कसं मांडावं’. तीन मुद्दे काढून आणलेत. आधीच्या वक्त्यांनी माझ्या वेळेत किती अतिक्रमण केलं ते तुम्ही पाहिलंच. असो, उरलेल्या क्षेत्रात बसवतो.

केंद्र सरकारची खरेदी ज्यावर चालते ते सामान्य वित्तीय नियम, २०१७. त्यातला नियम १९७ कुणी वाचलाय? कुणीच नाही? उत्तम, म्हणजे मला खोडायला कुणी नाही. हा नियम बिगर-सल्लागार सेवांचा. त्यात कोणकोणत्या सेवा येतात? देखभाल, भाड्याच्या गाड्या, सुरक्षारक्षक, झेरॉक्स, सफाई, ऑफिसातली किरकोळ कामं, ड्रिलिंग, हवाई छायाचित्रण, उपग्रह प्रतिमा आणि नकाशाकाम. सगळं एका दमात. इथून पुढे आपलं काम सहसा एल-वनला जातं, जो सगळ्यात स्वस्त त्याला.

सफाईवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही, गैरसमज नको. त्यांनी कामात कुचराई केली तर दुसऱ्या दिवशी कळतं. नियमाचं गृहीतकच ते आहे, की काम मोजता येतं, दर्जा उघड दिसतो. आपलं तसं आहे का? चुकीच्या बेंचमार्कवरून, म्हणजे उंचीच्या संदर्भखुणेवरून, आणि घाईत काढलेली कंटूर शीट बघा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा. रेषा तितक्याच सुंदर. उलट जास्त गुळगुळीत, कारण पॉइंट कमी घेतलेले असतात आणि मधलं सॉफ्टवेअरनं स्वतःच्या मनानं भरलेलं असतं. साइटवर जाऊन पाहिलं तर दोन कंटूरच्या मध्ये चक्क ओढा निघतो. तो कधी सापडतो? खोदाई सुरू झाल्यावर. तोवर सर्व्हेचं बिल निघालेलं असतं आणि वाढीव खर्च ठेकेदाराच्या जादा बाबींत लिहिला जातो.

आता शिष्टमंडळाची गोष्ट. आम्ही काहीजण एका बड्या अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. खातं विचारू नका, तिथे बिलं अडकलीत. (हशा) निवेदन चांगलं चार पानी. त्यातलं दीड पान इतिहास: १८०२ साली ब्रिटिश सर्वेक्षक लॅम्बटननं मद्रासजवळ बेसलाइन, म्हणजे मोजणीची पायारेषा, मोजली, राधानाथ सिकदरांनी एव्हरेस्टची उंची गणितानं काढली, वगैरे. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “छान. माझ्याकडून काय हवंय?” एकजण म्हणाले, दर वाढवून द्या. दुसऱ्यांनी जीएसटीचा विषय काढला, तिसऱ्यांनी ड्रोनच्या परवानगीचा. चौथे होते, वजन पडावं म्हणून मुद्दाम नेलेले ज्येष्ठ. त्यांनी स्वतःच्या शेतीच्या हद्द कायम मोजणीचं प्रकरण काढलं, की तारीखच मिळत नाही म्हणून. साहेब शांतपणे म्हणाले, “मोजणी महसूलकडे, जीएसटी अर्थखात्याकडे, ड्रोन नागरी विमान वाहतुकीकडे. यातलं माझ्याकडे काय येतं?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग पुष्पगुच्छ, मग फोटो. फोटो मात्र झकास आला. आमच्यातल्या एकाचा डीपी अजून तोच आहे.

घोळाचं मूळ घटनेतही आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग केंद्र सूचीत, नोंद ६८. महसुली मोजणी आणि भूमी अभिलेख राज्य सूचीत, नोंद ४५. आपला बाप दिल्लीत आणि आई तहसिलीत. बरं, लग्नकार्यात कुणाला ‘मी सर्व्हेअर’ म्हणून सांगा, लगेच ‘माझ्या गाडीचा क्लेम अडकलाय, बघता का?’ त्या विमा सर्व्हेअरला निदान विमा कायद्याखाली परवाना आहे. सीएंना १९४९ चा कायदा, वास्तुविशारदांना १९७२ चा, परिषदेसकट. गाडीचा पोचा मोजणाऱ्याला परवाना, आणि जमीन मोजणाऱ्या खासगी माणसासाठी देशपातळीवर वैधानिक परिषदच नाही. यावर मी तासभर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

पहिला मुद्दा: मागणी एकच न्या. नियम १९७ च्या यादीतून नकाशाकाम काढा. ज्या सर्व्हेवर डिझाइन उभं राहणार आहे, तो नियम १७७ च्या सल्लागार सेवांत घाला. मग गुणवत्ता आणि किंमत दोन्ही पाहून निवड करायची वाट मोकळी होते. अमेरिकेत १९७२ च्या ब्रूक्स कायद्यानं संघीय कामांत आधी पात्रता बघतात, भावाची बोलणी नंतर, आणि सर्वेक्षण त्यात धरलेलं आहे. आपण जगावेगळं काही मागत नाही.

दुसरा: दार ओळखा. वित्तीय नियम अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाचे. आपण हार घेऊन उभे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या दारात, कारण भारतीय सर्वेक्षण विभाग त्यांच्याकडे. ते ऐकून घेतील, पण नियम बदलणं त्यांच्या हातात नाही.

तिसरा: वेळ. २०१६ चं भू-अवकाशीय माहितीचं विधेयक आठवा. शंभर कोटींपर्यंत दंड, सात वर्षांपर्यंत कैद. मसुदा होता तेव्हाच लोकांनी हरकती घेतल्या, गदारोळ केला. तो कायदा झालाच नाही. उलट १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांवरची पूर्वपरवानगीची अट उठवली. मसुद्यावर लेखी हरकत पाठवली तर कुणीतरी वाचतं. अधिसूचना निघाल्यावरचं निवेदन फायलीला लागतं, बस्स.

गुणवत्तेचे गुण आले की मोठ्या कंपन्या लहानांना गिळतील, ही भीती खरी आहे. दोन माणसं आणि एक टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं एक यंत्र, एवढ्यावर चालणाऱ्यांचं काय, यावर बोलायचं होतं. राहिलं. प्रश्नोत्तरात विचारा.

आपल्या नव्या निवेदनाचा मसुदा दोन पानांचा आहे, इतिहास गाळलाय. दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. नुसती सही नको. सर्व्हे चुकल्यानं खर्च वाढला असं एखादं काम माहीत असेल तर त्याचा कागद जोडा, नावं झाकून. आणि जमलं तर सही डिझाइनवाल्या इंजिनिअरची आणा. आपल्या सह्या आपल्याच बाजूनं असणार, हे साहेबांनाही कळतं.