पंप दम्याचा, तक्रार लघवीची

श्रोतेहो, नमस्कार.

दम्याच्या रुग्णाला मी ठरलेले प्रश्न विचारतो. छातीत घरघर आहे का, रात्री खोकल्याने जाग येते का, पंप ओढल्यावर चुळा भरता का. एक प्रश्न मात्र मी फार उशिरा विचारायला लागलो: लघवी साफ होते का?

तो मला एका आजोबांमुळे सुचला. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. नव्या पंपाने दम छान कमी झाला होता, जिना न थांबता चढत होते. तपासणी झाली, आजी बाहेर गेल्या, आणि आजोबा दाराशी घुटमळले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, बाथरूममध्ये दहा-दहा मिनिटं उभा असतो. नळ सोडून ठेवतो, तरी धार लागत नाही. थेंब थेंब येते." वय झालं, असंच त्यांनी धरलं होतं. पंपाचा याच्याशी काही संबंध असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

संबंध असतो. आपल्या श्वासनलिकांभोवती स्नायू असतात. मज्जातंतूंतून अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटलं की ते आवळतात. इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम ही काही पंपांतली औषधं त्या रसायनाला अडवतात, म्हणून नळ्या मोकळ्या होतात. पण लघवीच्या वेळी मूत्राशयाची पिशवी आवळली जाते, तीही याच रसायनामुळे. ओढलेल्या औषधाचा थोडा अंश रक्तात उतरतो, आणि तिथेही त्याचं काम तेच. पिशवीचा जोर कमी पडतो.

पूर्वी दम्यासाठी धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढत. त्यातलं अ‍ॅट्रोपीन याच जातीचं. आजची औषधं रक्तात कमी शोषली जावीत अशा बेताने बनवलेली आहेत, त्यामुळे बहुतेकांना हा त्रास होतच नाही. पण मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांत लघवीची वाट आधीच अरुंद झालेली असते. कॅनडात ओंटारिओमध्ये सीओपीडी या फुफ्फुसांच्या आजाराच्या वयस्क रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. असा पंप नव्याने सुरू केलेल्या पुरुषांत लघवी अचानक तुंबण्याची शक्यता साधारण 40 टक्क्यांनी जास्त आढळली. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांत त्याहूनही जास्त. स्त्रियांमध्ये तशी वाढ दिसली नाही. मूत्रपिंडं कमजोर असतील तर टायोट्रोपियम शरीरात जास्त वेळ रेंगाळतं, तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

यात भर पडते सर्दीच्या गोळ्यांची. त्यातल्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या हेच रसायन अडवतात, आणि नाक मोकळं करणारी काही औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात. पंप चालू, त्यात सर्दी झाली म्हणून कुणी सुचवलेली गोळी घेतली, आणि रात्री लघवी अडली. असं घडू शकतं.

धाप लागल्यावर ओढायचा सालब्युटामोलचा पंप आणि रोजचा स्टिरॉइडचा पंप यांच्यामुळे लघवी सहसा अडत नाही. खोकल्याच्या उबळीत लघवी निसटते, ही तक्रार विशेषतः बायका वर्षानुवर्षं मनात ठेवतात. तिथे दोष बहुधा पंपाचा नसतो, आटोक्यात न आलेल्या खोकल्याचा असतो. दमा नीट सांभाळला आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम केले तर ती पुष्कळ कमी होते.

आता कळकळीची विनंती. हे ऐकून कुणी पंप बाजूला ठेवू नका. हल्ली एकाच पंपात दोन-तीन औषधं असतात. तो बंद केला तर त्यातलं स्टिरॉइडही बंद होतं, आणि दमा उसळला तर जिवावर बेततं. त्यापेक्षा पंप, त्याचा खोका आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागतो, जोर लावावा लागतो, लघवीची पिशवी रिकामी झाल्यासारखं वाटत नाही, यातलं जे असेल ते स्पष्ट सांगा. आणि लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगून दुखायला लागलं, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच इस्पितळ गाठा. नळी घालून पिशवी रिकामी केली की लगेच आराम पडतो.

आजोबांच्या पंपातलं ते एक औषध मी काढलं, स्टिरॉइड आणि नळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध तसंच ठेवलं, प्रोस्टेटची तपासणीही करून घेतली. पुढच्या वेळी ते दाराशी घुटमळले नाहीत. खुर्चीवर बसता बसता, आजी शेजारी असताना, मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर, आता नळ सोडावा लागत नाही."